बेस आईने बिघडवला नाही

बंधुराज,

तुमचा स्पीकर आईच्या पुसण्याने बिघडलेला नाही. माझ्या शब्दकोशांमध्ये कोंबून, कपाट बंद करून, आपण तो दुपारभर पूर्ण आवाजात वाजवलात. एवढासा जीव तापला की आतले भाग जळू नयेत म्हणून आधी बेस, म्हणजे तो खालचा घुमणारा आवाज, आवरता घेतो. सर्वांत जास्त ताकद तिथेच खर्च होते. मोकळ्यावर ठेवल्यावर तो पूर्वीसारखा घुमतो आहे.

"आई, तुला एक गोष्ट धड हाताळता येत नाही!" हे आपण पाहुण्यांसमोर ओरडलात. तापल्यावर नमते घेणारा या घरात तो स्पीकरच एकटा.

आईला मामाकडे नेते आहे. माफी मागायला आजच या. उशीर केलात तर ती न मागताच माफ करून टाकेल, आणि ती सवलत तुम्हाला मिळावी अशी माझी मुळीच इच्छा नाही.

ताई