रविवारची रांग

भूम, जि. धाराशिव
१५ जानेवारी २०२५

चि. उद्धवराव साहेबांस,

थोरल्या बहिणीचे अ. उ. आ. 'साहेब' मुद्दाम लिहिलंय. कालपर्यंत सगळी गल्ली तुला तसंच म्हणायची. आता कुणी म्हणंल असं वाटत न्हाई, म्हनलं आपण तरी म्हणावं.

काल संक्रांतीचं वाण घेऊन शेजारच्या सुमनताईकडं गेले, तर तिनं तिळगुळाच्या आधी मोबाइलच पुढं केला. फोटोत कोण? तर आमचे बंधू! डोक्याला माकडटोपी, अंगात तो उसवलेला स्वेटर, दोन्ही हात पुढं पसरलेले, आन समोर चामड्याचं जाकीट घातलेला एक हेल्मेटवाला पिशवी देतोय. खाली लिहिलंय, 'गरजूंच्या चेहऱ्यावर हसू फुलवताना गर्जना रायडर्स, रावेत.' हसू तर काय फुललंय! स्वतःच्या लग्नात एवढं हसला न्हाईस.

पस्तीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात काढलीस, पिंपळे गुरवला स्वतःचा फ्लॅट घेतलास, ते काय फुकटच्या पिशवीसाठी? सुमनताईनं लई मायेनं विचारलं, उद्धवचं बरं चाललंय ना, न्हाईतर आमच्यातली दोन पायली ज्वारी पाठवू का. सुमनताईची ज्वारी! जी ती कोंबड्यांना बी मोजून टाकती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निदान माझ्या ज्ञानेशला तरी विचारायचं होतंस. पोरगं चाकणच्या कंपनीत पर्मनंट झालंय, दिवाळीत अख्ख्या गल्लीत पेढे वाटले मी. भाचा पर्मनंट आन मामा रांगेत, लोकांना काय सांगू?

फोन करू नको, मी उचलणार न्हाई. फोनवर तू गोड बोलून सुटतोस. काय ते कागदावर लिही, म्हणजे मला परत परत वाचून परत परत चिडता येईल.

विजयश्रीला आन प्रज्वलला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ तूर्त फळीवर ठेवलाय. उत्तर बघून खाली काढायचा का ते ठरवीन.

तुझी आक्का,
कौशल्या

---

पिंपळे गुरव
१९ जानेवारी २०२५

ती. आक्कास,

उद्धवचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं, त्यातला चटकाही पोचला. आधी खुलासा करतो, मग हवं तेवढं चीड.

फोटोतला तो हेल्मेटवाला म्हणजे तुझा सख्खा भाचा, आमचे चिरंजीव प्रज्वल. मोठी फटफटी घेतल्यापासून तो माणूस राहिलेला नाही, रायडर झालाय. रावेतच्या त्या क्लबात असे बत्तीस जण आहेत. सगळे ऑफिसवाले, आठवडाभर खुर्चीत बसून पाठ धरते म्हणून रविवारी फटफटीवर बसून धरवतात. तर या मंडळींना समाजसेवेची उबळ आली. निघोजेतल्या कामगारांच्या खोल्यांवर जाऊन अन्नधान्य वाटायचं ठरलं. मला 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून नेलं, म्हणजे एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली.

मार्गदर्शन मी आधीच केलं होतं. चाकण पट्ट्यात सुट्टी गुरुवारची असते, रविवारी कंपन्या चालू असतात, हे इथल्या कुत्र्यालाही माहीत आहे. पण क्लबला रविवारच जमत होता, त्यामुळे गरिबांनीही रविवारीच गरीब असायचं ठरलं. आधी मिसळ झाली, मग बत्तीस फटफट्या कानठळ्या बसवत निघाल्या. पिशव्या मात्र मागून टेम्पोत. मग बत्तीस फटफट्या कशाला, तर टेम्पोला रस्ता दाखवायला.

अकराला पोचलो तर खोल्यांना कुलपं. दिवसपाळीवाले कंपनीत, रात्रपाळीवाले आतून कडी लावून झोपलेले. दोघांची दारं वाजवून त्यांना उठवलं, त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत. रविवारी अकरा वाजता त्या वस्तीत जो जागा आणि हिंडताना सापडतो तो बिनकामाचा, दुसरा कोणी असूच शकत नाही. असे जेमतेम आठ-दहा निघाले. पिशव्या साठ! बॅनर ताणलेला, कॅमेरा तयार, आणि रांग आखूड. मग रांग भरायला म्हणून हे ज्येष्ठ मार्गदर्शक उभे राहिले. एवढीच काय ती माझी गरज.

पिशवीत काय होतं तेही ऐक. ओट्स, पास्ता, ग्रीन टीच्या पुड्या आणि क्लबचा स्टिकर. बारा तास मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाचं वजन वाढू नये याची केवढी काळजी!

ज्ञानेशची चिंता करू नकोस. तोही तिथेच हिंडताना भेटला होता, मजेत आहे. वाटल्यास त्यालाच विचार तुझा भाऊ भिकेला लागलाय का ते. सुमनताईंना नमस्कार सांग, आणि ज्वारी देतच असतील तर सोडू नकोस.

फळीवरचा लोभ खाली काढावा, धूळ बसेल.

तुझा,
उद्धव

---

पिंपळे गुरव
१९ जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश यास,

मामाचे अ. उ. आ. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुमच्या खाली किराणा दुकान चालवणाऱ्या धोंडीबांच्या पत्त्यावर हे पत्र टाकतोय.

गेल्या रविवारी तू तोंडाला रुमाल बांधून रांगेत उभा होतास. मी चालीवरून ओळखलं. पहिला नंबर तुझा आला आणि त्या फोटोवाल्या शहाण्याने सगळ्यांना रुमाल काढून हसायला सांगितलं. मला दुसरं काही सुचलं नाही, खुर्चीवरून उठलो आणि तुझ्यापुढे घुसलो. हात पसरले, दात काढले. आता तो फोटो भूमला पोचलाय आणि आक्काने मला उभा सोललाय. मी तिला सांगितलं, रांग भरायला उभा होतो. तुझ्याबद्दल लिहिलं की भेटला होता, मजेत आहे.

नंतर धोंडीबांनी सांगितलं, ऑक्टोबरपासून तुला काम नाही. अरे, मग दिवाळीत ते पेढे कशाचे होते? आईला पर्मनंट झालो म्हणून सांगितलंस? पर्मनंट काय, चाकणमध्ये आता कंपनीची पाटीसुद्धा पर्मनंट नसते.

माझी अब्रू गेली त्याचं काही नाही, पेन्शनरला ती फारशी लागत नाही. पण तुझ्या आईला हे दुसऱ्या कोणाकडून कळलं तर ती खचेल. तूच सांग तिला. लवकर सांग. किती वेळा असा तुझ्यापुढे उभा राहणार मी?

उत्तर दे. माया आहे म्हणूनच बोलतो, हे ध्यानात असू दे.

मामा

---

निघोजे
२४ जानेवारी २०२५

ती. मामांस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. धोंडीबांनी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर ओरडून दिलं, त्यामुळे मला पत्र येतं हे आता सगळ्या चाळीला माहीत झालंय.

मामा, मी फसवायचं म्हणून खोटं बोललो नाही. एप्रिलमध्ये कॉन्ट्रॅक्टवर लागलो, सात महिने झाले आणि सगळ्या बॅचला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून बसवलं. सुपरवायझर म्हणाला की घरी जाऊन मस्त दिवाळी करा, लागेल तेव्हा बोलावू. गेटवर मिठाईचा बॉक्स पण दिला, कंपनीचं मन मोठं आहे. आता गोडाऊनला लोडिंग मिळतं, आठवड्यातून दोन-तीन दिवस. दुसरं पक्कं काम लागलं की आईला एकदमच सांगणार आहे, म्हणजे वाईट बातमी आणि चांगली बातमी एकाच फोनमध्ये. तोवर प्लीज काही बोलू नका. ती दिवसातून दोनदा मला पर्मनंट म्हणते हो.

तुम्ही पुढे आलात ते मला तेव्हाच कळलं होतं. नंतर तुमच्याशी नजर मिळवायला नको म्हणून पिशवी घेऊन पळालो. पिशवी प्रज्वलदादानेच दिली. मला हिंदीत भैया म्हणाला आणि रुमाल काढून जरा स्माईल करायला सांगितलं. मी काढला नाही, हेल्मेटच्या काचेत मला माझंच रुमाल बांधलेलं तोंड दिसत होतं. लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही. त्याला काही सांगू नका, क्लबात चेष्टा होईल त्याची.

पास्ता अजून तसाच आहे. त्याचं काय करतात ते धोंडीबांनाही माहीत नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा राग संपवू नका, पण जपून वापरा.

तुमचा,
ज्ञानेश

---

भूम
२७ जानेवारी २०२५

चि. उद्धवास,

आशीर्वाद. आज 'साहेब' न्हाई.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा गुरुवारापाशी अडकले. तूच लिहितोस की रविवारी अकराला तिथं जागा आन हिंडताना सापडतो तो बिनकामाचा. आन तूच चार ओळी खाली लिहितोस की ज्ञानेश तिथं हिंडताना भेटला. कारखान्यात तू माल तपासायच्या खात्यात होतास ना रे? कसला माल बाहेर पडला असंल देव जाणे.

मग सुमनताईचा मोबाइल मागून घेतला आन फोटो मोठा केला. तुझ्या स्वेटराच्या मागं एक कोपर दिसतंय. लोकांना ते कोपर दिसंल. मला ते कुणाचं हाय ते दिसलं. चुलीपाशी बसून पोटभर रडले. सुमनताई डोकावली तर कांद्यावर ढकललं.

तू पुढं उभा राहिलास, माझ्या लेकराचं तोंड झाकलंस. त्याचे उपकार हायत, आन मी तुला नको नको ते लिहिलं त्याची मला लाज वाटती. पण उद्धवा, मग पुढं काय केलंस? फोटो झाला, तू फटफटीवर बसून घरी आलास, विजयश्रीच्या हातचं गरम जेवलास, आन माझं पोर ग्रीन टी घेऊन खोलीवर गेलं! वीस किलोमीटरवर सख्ख्या मामाचं घर. मला न सांगता तुला भागलं असतं. त्याला जेवू न घालता कसं भागलं तुला? नंतर पत्र लिहीत बसलास, हुशार माणूस! मला तर आठ दिवस विनोद वाचायला लावलेस.

त्यालाबी सांग, मी पेढे पर्मनंटचे वाटले न्हाईत. माझं पोरगं खुशीत दिसलं म्हणून वाटले. काम गेलं तर गेलं. त्याच्या बापाचं तीनदा गेलं होतं, आमी काय उपाशी मेलो?

आता एकच विचारते. प्रज्वलच्या फटफटीवर मागं माणूस बसतो का? का तिथं बी क्लबचा झेंडाच लावलाय? बसत असंल तर त्याला निघोजेला पाठव आन माझ्या लेकाला जेवायला आण. गुरुवारची वाट बघू नको, त्याला आता सगळे वार मोकळेच हायत. फोटो न्हाई काढला तरी चालंल.

लोभ काढलाय फळीवरनं. पण आधी पोराला आण, मग तुझा वाटा.

आक्का

---

पिंपळे गुरव
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. आज रविवार आहे आणि मी घरात बसून पत्र लिहितोय, म्हणजे काय ते तुला कळतंच.

प्रज्वलदादा परवा न्यायला आला. क्लबचं जाकीट नव्हतं, हेल्मेट हातात होतं. खोलीच्या दारात उभा राहिला. मग एकदम म्हणाला की त्याने मला भैया म्हटलं होतं. मी म्हटलं, होय, आणि स्माईल पण मागितली होती. तर तो रडायलाच लागला. बत्तीस जणांचा ग्रुप लीडर आहे तो, खाली धोंडीबांच्या दुकानासमोर आलो तरी रडत होता. शेवटी मीच त्याला धरून गाडीवर बसवलं.

मामांनी तुझं पत्र मला वाचायला दिलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा एकही टोमणा मारला नाही. मामी म्हणाल्या की लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं. काम लागेपर्यंत इथेच राहायचं ठरलंय.

आई, मी पर्मनंट कधीच नव्हतो. दिवाळीला एसटीतून उतरलो तेव्हा सांगणारच होतो. पण तू स्टँडवर कंडक्टरला सांगत होतीस की माझा मुलगा चाकणला मोठ्या कंपनीत आहे, आणि माझ्या तोंडून दुसरंच निघालं. पर्मनंट म्हणालो त्याची एवढी लाज नाही वाटत. पण तू रोज फोनवर विचारायचीस की जेवलास का, आणि मी रोज म्हणायचो कँटीनमध्ये जेवलो. त्याची वाटते.

आता फोन कर आणि तेच विचार. आज खरं उत्तर देता येईल.

तुझा,
ज्ञानेश