गाडी घेऊन येतोय, ताई

ती. ताईस,

धाकट्याचा गुडघे वाकतील तितका नमस्कार. (हल्ली ते निम्मेच वाकतात, उरलेला नमस्कार मनातून घे.) तुझी कंबर कशी आहे? लेकीकडे कायमचं राहायला जायचं म्हणजे सामान काय घ्यायचं नि काय टाकायचं यावरून भावजींशी रोज वाजत असेल. आम्ही सगळे बरे आहोत. आता मुद्द्याचं ऐक: गाडी सुरू झाली!

होय, तीच मोटरसायकल, जिच्यावरून तुला फेरी मारून आणतो असं मी अठरा वर्षं म्हणतोय. वीस तारखेला तुझं विमान, म्हणजे त्याआधीचा हा एकच रविवार उरला. या रविवारी अकराच्या ठोक्याला ती तुझ्या फाटकाशी उभी असेल. डॉक्टरांनी तुला एका फेरीची परवानगी दिली आहे ना? नसेल दिली तर विचारूच नकोस.

आता कबुलीच द्यायची तर अठरा वर्षांत गाडी चालली आहे तीन हजार आठशे अकरा किलोमीटर. तेवढं तर तुझी भावजय स्कूटरवरून ऑफिसला ये-जा करून वर्षभरात उरकते. दोष माझ्या प्रेमाचा. पहिल्या वर्षी नवी आहे म्हणून तुझ्याकडे आणली नाही, मग पाऊस होता, मग तुझ्या घराकडचा रस्ता खणलेला होता, मग रस्ता झाला तर ताज्या डांबराचे शिंतोडे उडतील अशी भीती वाटली. दर रविवारी मात्र न चुकता कव्हर काढायचं, गाडी पुसायची, स्टँडवरच दहा मिनिटं सुरू ठेवायची आणि वर बसून समोरची भिंत बघायची. (मी कुठे आहे असं कोणी फोनवर विचारलं तर तुझी भावजय सांगायची, ‘भिंतीकडे गेलेत.’) न वापरलेली वस्तू झिजत नाही, असा माझा ठाम समज होता. चार वर्षांपूर्वी ती सुरूच होईना, तेव्हापासून मी नुसताच बसायला लागलो. हे मी तुला फोनवर कधी बोललो नाही.

तू जाणार हे कळलं त्याच दिवशी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. टायरवर कारखान्यातून आलेले रबराचे केससुद्धा शाबूत, त्यामुळे मी शाबासकीच्या अपेक्षेने उभा. त्याने अंगठ्याने टायर दाबला, तर कडेने इथून तिथून भेगा! ‘साहेब, ही चालून नाही, बसून म्हातारी झालीये,’ म्हणाला, आणि का कोण जाणे, माझ्या पोटाकडे बघितलं.

मला वाटलं होतं, टायर आणि बॅटरी बदलली की गंगेत घोडं न्हालं. कसलं काय! बॅटरी घातली, तर पेट्रोलची नळी वाळक्या काडीसारखी कडकन तुटली आणि पेट्रोल माझ्या चपलेत. नळी घातली, तर कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. तो खरवडून काढला आणि पहिल्याच किकला, ताई, काय तो आवाज! मी मिस्त्रीला कडकडून मिठी मारली. (शर्ट नवा होता, आता तो गाडी पुसायच्या कामाला लागलाय.) त्याच आनंदात क्लच दाबला, तर केबल तुटून हातात. ती बदलून ब्रेक दाबला, तर आतलं अस्तर सुटून पडलं. एक नवीन भाग बसला की शेजारचा जुना रुसायचा, अगदी आपल्या दोन्ही आत्यांसारखा. पुढच्या शॉकअपचे सील गेलेत हे तर घरी आणल्यावर कळलं, ते तुझ्या भावजयीच्या धुतलेल्या पायपुसण्यावर पडलेल्या तेलावरून. तीन आठवडे मी रोज गॅरेजमध्ये स्टुलावर बसून होतो, आणि गेल्या कित्येक वर्षांत मला इतकी मजा आली नव्हती.

काढलेले भाग मी खोक्यात भरून ठेवलेत. मिस्त्री म्हणतो, यातला एकही झिजलेला नाही, सगळे नुसते पडून पडून गेले. ते खोकं बघून मात्र मला फार वाईट वाटलं गं. भिंत बघण्यात घालवलेल्या इतक्या रविवारांतला एक तरी तुला द्यायला हवा होता. मी आठ वर्षांचा असताना तू कॅरिअर धरून सायकलमागे धावायचीस आणि ‘धरलंय, धरलंय’ ओरडायचीस. हात तर केव्हाच सोडलेला असायचा, म्हणून तर मी शिकलो. तेव्हाच कबूल केलं होतं, मोठा झालो की तुला मागे बसवून फिरवीन म्हणून. आता माझं वय एकसष्ट, म्हणजे पुरेसा मोठा झालोय. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. १: पाकीट बंद करण्याआधी गाडीचे कागद खिशात घालायला काढले. ते प्लास्टिकमध्ये अगदी कोरे करकरीत आहेत. माझ्या लायसन्सची मुदत मात्र सहा वर्षांपूर्वी संपलीये. गाडीवरची एकूण एक जुनी वस्तू बदलली आणि नेमकी खिशातली राहिली. आता पुन्हा परीक्षा द्यायची, आणि तिची तारीख मिळाली तेवीस.

ता. क. २: घाबरू नकोस, गाडी येणार. तुझ्या भावजयीने स्कूटरबरोबर गेअरच्या गाडीचंही लायसन्स काढून ठेवलं होतं, ‘कधी लागलं तर’ म्हणून. काल तिने गल्लीत तीन चकरा मारल्या, गाडी एकदाही बंद पडली नाही. (माझ्या हातून पडते.) म्हणाली, ‘वन्संना मी फिरवून आणते, तुम्ही तोवर त्यांच्याकडची भिंत बघा.’ तेव्हा खरी विनंती अशी, की अकराच्या सुमारास शेजारपाजारचे कोणी फाटकात नकोत. मी मागच्या सीटवरून उतरणार आहे, आणि ते एका दमात होत नाही.

ता. क. ३: भिंत मी बघणार नाही. तू तिच्या मागे बसलीस की मी सीटमागची दांडी धरून धावणार आहे. मागे वळून बघू नकोस. मी ‘धरलंय, धरलंय’ म्हणत राहीन.