खांद्यावरचा हात

प्रिय भिंगरी,

रविवारी "बाबा, तुम्ही दगड आहात" असं म्हणून तू फोन ठेवलास. मला राग आला नाही. जावईबापूंवरही चिडू नकोस; तू धड जेवत नाहीस, हे त्यांनीच मला कळवलं.

इकडे मागांची शेड चालू आहे. कांड्या भरणाऱ्या मावशी तुझी आठवण काढतात. परवा म्हणाल्या, तुमच्या घरात तिघांत मिळून दोन जिभा, एक बायकोची, एक पोरीची. तुम्ही आपले उसनवारीवर. खरंच आहे. आई होती तोवर माझ्या वाट्याचंही तीच बोलायची. तू गेलीस तिथली माणसं एकमेकांना कसं वाटतंय ते विचारतात, आणि समोरचा सांगतोही. तुला ते मानवलं, बरं झालं. आम्ही गावची शाळा सुटली तसे मागांच्या खडखडाटात शिरलो. तिथे ओरडूनही ऐकू येत नाही. धागा तुटला की शेजाऱ्याच्या खांद्यावर थाप मारायची. आणि कुणाच्या घरी वाईट घडलं, तर त्याच्यामागे जाऊन खांद्यावर हात ठेवून नुसतं उभं राहायचं. हात काढायची घाई करायची नाही. माझे वडील गेले तेव्हा पलीकडच्या मागावरची एक मुलगी अशी उभी राहिली होती. तीच पुढे तुझी आई झाली.

तुला आम्ही शेडमध्ये कधी पाऊल टाकू दिलं नाही. शिकावंस, एवढंच डोक्यात होतं. त्यात हे शिकवायचं राहून गेलं. लग्नानंतर तुला बसवर सोडायला आलो, तेव्हा मी खांद्यावर हात ठेवला. तुला वाटलं, बाबा घाई करतायत. तू पटकन चढलीस. हात तसाच राहिला.

रविवारी तू बाळ गेल्याचं सांगितलंस. त्याचं दुपटं माझ्या मागावर अर्धं आहे. पुढे विणवत नाही, कापून काढवतही नाही. तू काहीतरी बोला म्हणत होतीस, आणि मी तुझ्या अभ्यासाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. तू फोन ठेवल्यावरही तसाच. मग देवापुढे बसलो, तर मागणंही सुचेना. शनिवारच्या बसने मी तुझ्याकडे निघतोय. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून लिहितोय, कारण तिथे आलो तरी मला बोलता येणार नाही. मी तुझ्यामागे येऊन उभा राहीन. पोरी, तेव्हा उठू नकोस.

तुझाच,
बाबा