शर्टाचं बटण

दादा,

मिरवायची खोड मोडेल तेव्हा शहाणा होशील, असं तू म्हणायचास ना? घे, जिंकलास. मशीनने माझी दोन बोटं नेली. घरी कळू नये म्हणून तीन महिने उरलेल्या बोटांनी बटण लावायचा सराव केला. भरपाई मंजूर झाली, तर कंपनीने अपील केलं. कोर्टात त्यांचा वकील म्हणाला, "शर्टाचं बटण लावा बघू." मी झटक्यात लावलं, वर हसलो! भरपाई निम्म्यावर आली.

झोपेत ती बोटं परत येतात आणि तुझ्या सायकलची घंटी हळूच वाजवतात. जाग आली तरी किणकिण थांबत नाही.

हे पत्र उशीखालीच राहील. भरपाईतले पैसे घरी पाठवताना एवढंच लिहीन : ओव्हरटाइमचे पाच हजार.

तुझा मिरव्या