बाबांना म्हातारं करताना

३ ऑगस्ट २०१४, रविवार

मेल्यावर देव्हाऱ्यात लावायचा स्वतःचा फोटो आईने आजच काढून आणला! जन्मात कधी न घातलेला मखमली अंगरखा — फोटोवाल्याने संगणकावरच तिला चढवला. मी चिडले. हिला काय घाई झालीय?

"तयारी असलेली बरी. नाहीतर आयत्या वेळी तुम्ही ओळखपत्रावरचा लावाल. त्यात मी चोरासारखी दिसते."

मग तिने तो बाबांच्या फोटोशेजारी धरून पाहिला. बाबा चोवीस वर्षांचे. बहात्तर साली अमेरिकेविरुद्धच्या युद्धात क्वांग त्रीच्या आघाडीवर गेले, तेव्हा मी चार महिन्यांची. देह आला नाही. एक कागद आला. घरात त्यांचा हा एवढाच फोटो.

"मी याची आई दिसते," म्हणाली, आणि हसली. मग हसणं थांबलं. गेल्या वर्षी श्राद्धाला शेजारणीच्या नातीने खरंच विचारलं होतं — आजी, हा तुझा मुलगा का?

"दिएप, याला माझ्याएवढा कर."

स्वतःचा फोटो कपाटात ठेवला. जिवंत माणसाचा देव्हाऱ्यात ठेवत नाहीत.

५ ऑगस्ट

फोटोवाला नाही म्हणाला. "अंगरखा बदलणं वेगळं, ताई. ज्याला मी पाहिलं नाही त्याला म्हातारा कसा करू?"

मी तरी कुठे पाहिलंय!

६ ऑगस्ट

ओआन्ह घरी आली. आमच्या शाळेत संगणक शिकवते, मी ग्रंथालयात. तिने माझ्या जुन्या संगणकावर गिम्प नावाची वस्तू बसवून दिली. चित्रं दुरुस्त करायची, पूर्ण फुकट. मी दोनदा विचारलं, खरंच फुकट? महिन्याने मागणार नाहीत?

"फुकट आहे हो ताई. धीर मात्र स्वतःचा आणायचा."

थर कळले — काचेवर काच ठेवल्यासारखे. शिक्का कळला — इथली कातडी उचलायची, तिथे उमटवायची. आणि एक मलमपट्टीचं चित्र असलेलं हत्यार आहे. डागावर टेकवलं की डाग जातो. इतकं हळुवार हत्यार कुणी फुकट का वाटत असेल? कुठल्या तरी देशातल्या कुणीतरी बसून बनवलं, आणि दिलं सोडून. त्याचं भलं होवो.

९ ऑगस्ट

बाबांचा फोटो स्कॅन केला. त्यावरचे बुरशीचे ठिपके मोजायचं सोडून दिलं. आज फक्त डावा गाल.

बाबांचा गाल इतक्या जवळून! पडद्यावर तळहाताएवढा मोठा. बेचाळीस वर्षांत मी त्यांच्या इतकी जवळ कधी नव्हते.

१७ ऑगस्ट, रविवार

चेहरा स्वच्छ झाला. एक ठिपका नाही. आईला खुर्ची दिली, चष्मा दिला, पडदा दाखवला.

बराच वेळ बघत राहिली. "छान आहे. कोण हा?"

मला वाटलं थट्टा करतेय.

"तीळ कुठाय? हनुवटीवरचा? आणि भुवईतली खाच?"

मी पुसले! तीळ मला बुरशी वाटला. खाच म्हणजे घडीची रेघ वाटली. वर, जतन करताना तेच नाव दिलेलं — मूळ चित्रावरच नवं बसलं. मागे फिरायला वाट नाही.

म्हणजे फोटो आहे, पुन्हा स्कॅन होईल. ते सोपं. पण यातला कुठला डाग बुरशी आणि कुठला डाग माझे बाबा, हे मला माहीत नाही. हे काही मी शिकू शकत नाही.

१८ ऑगस्ट

पुन्हा स्कॅन केला. या वेळी प्रत निराळ्या नावाने, तीन ठिकाणी ठेवली. आई शेजारी, हातात जेवणाची काडी, पडद्यावर टेकवून:

"हा घालव. हाही. हा — थांब! ही खाच राहू दे. म्हशीने पाडलं होतं. मला सांगितलं लढाईत लागलं म्हणून. लग्नाआधी! लढाई कसली, तेव्हा भरतीसुद्धा झाला नव्हता."

"आणि तू खरं मानलंस?"

"मानलं ना. तेव्हा चांगला दिसायचा."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चिकट भात गार झाला, आम्ही उठलोच नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आता वय. सुरकुत्या आणायच्या कुठून? बाबांचे धाकटे भाऊ बांगकाका, वय साठ, त्यांना बोलावलं. खिडकीजवळ बसवून फोटो काढले.

"कपाळ ने, मान ने," काका म्हणाले. "फक्त पोट ठेव, त्याच्यावर खर्च झालाय."

भांडण केसांवरून झालं. काका पूर्ण टकले.

आई: "टक्कल नको हं."

काका: "वहिनी, आमच्या घरात पन्नाशीपुढे एकाच्याही डोक्यावर केस राहिलेला नाही. दादाच कसा सुटेल?"

"तो सुटला असता."

"आघाडीवर सुटला नाही तो, केसांत सुटणार?"

वाटलं, आता काय होतं! आई हसू लागली. इतकी, की काका घाबरून चहा ओतायला लागले.

शेवटी तडजोड — अर्धे केस ठेव, पांढरे.

२ सप्टेंबर

राष्ट्रीय दिनाची सुट्टी. ध्वज लावला आणि बसले. काकांची सुरकुती उमटवायची, अर्धी पुसट करायची, मग बघायचं. चुकलं की कंट्रोल-झेड. एका तासात बाबा चाळीशीचे झाले. क्षणभर आम्ही दोघं एका वयाचे होतो. मग मी त्यांना पुढे जाऊ दिलं.

१३ सप्टेंबर

छापून आणला, चौकटीत बसवला. सहासष्ट वर्षांचा माणूस. तीळ आहे. खाच आहे. भीती वाटते. उद्या श्राद्ध.

१४ सप्टेंबर, रविवार

उकडलेली कोंबडी, चिकट भात, फुलं. जुना फोटो आईने स्वतः काढला, कपाटात ठेवला. नवा लावला.

काका पुढे आले, हात जोडले. "ये दादा. बेचाळीस वर्षं मीच थोरला होतो. आज सुटलो." आणि लहान मुलासारखे रडले.

आई? तिने चौकट थोडी डावीकडे सरकवली, "बरा आहे" म्हणाली, आणि वाढायला गेली.

१९ सप्टेंबर

पाच दिवस झाले, आई फोटोबद्दल एक शब्द बोललेली नाही. धूळ पुसते, अगरबत्ती लावते, बस. मी काय केलं? तिचा चोवीस वर्षांचा नवरा काढून घेतला आणि अर्धे केस असलेला एक परका म्हातारा आणून बसवला? विचारायचं धाडस होत नाही. जुना परत लावू का, असं उद्या म्हणेन.

२० सप्टेंबर

म्हटलंच नाही.

२४ सप्टेंबर

आज चांद्रमासाचा पहिला दिवस. या दिवशी आई बाबांपुढे एक सिगारेट पेटवून ठेवते, मला कळतं तेव्हापासून. आज फळं होती, पाणी होतं, सिगारेट नव्हती.

"संपल्या का? आणू?"

"नको गं," फोटोकडे बघत म्हणाली. "आता या वयात? खोकत बसतील."