हरकत असेल तर

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला सलाम. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत. म्हणजे मी सोडून.

आज शिंपी बिशपचा झगा बेतायला आला होता. मला तीनदा टाचणी टोचली. "साहेब, जरा एका जागी उभे राहा की! लहान पोरंसुद्धा इतकी चुळबुळ करत नाहीत," म्हणाला. ही दारात उभी राहून हसत होती. रविवारी दीक्षा, आणि नवरा टाचणीला घाबरतो!

तुझं पत्र मिळालं. 'आपल्या ल्यूथरन मंडळीला एकदाचा सरळ माणूस बिशप मिळाला,' असं लिहिलंयस. कशाला लिहिलंस रे ते वाक्य? आठ दिवस पत्र खिशात घेऊन फिरतोय. परवा उपदेश करताना मधेच थांबलो. लोकांना वाटलं, भरून आलं.

बाकी, घराला रंग दिला. अभ्यासाच्या खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही.

छे, किती टाळणार! चर्चच्या समितीची ती बैठक आठवते ना? संपावरच्या कामगारांना तू चर्चच्या हॉलमध्ये झोपू दिलंस, आणि कारखान्याचा मालकच समितीचा अध्यक्ष. तुला पाळक म्हणून ठेवायचं की काढायचं, यावर आम्ही नऊ जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. पाच विरुद्ध चार, तुला काढलं. बाहेर येऊन मी तुझ्या गळ्यात पडून रडलो, "आम्ही चौघं कमी पडलो रे," म्हणालो. उलट तूच माझी समजूत काढलीस.

दादा, पाचवी चिठ्ठी माझी होती.

मोठ्या चर्चचा पाळक म्हणून माझं नाव सुचवणं अध्यक्षाच्याच हातात होतं. हातातोंडाशी आलेला घास जाईल म्हणून घाबरलो, एवढंच. मग मोठं चर्च, पाळकांचं विद्यालय, आता हे. आणि तू वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत लोकांच्या चुका काढतोयस. माझी तेवढी दिसली नाही तुला. दिसणार कशी? घरचाच ना मी.

रविवारी झगा घालण्याआधी भरल्या चर्चमध्ये विचारतात, "या माणसाबद्दल कुणाची हरकत आहे का?" चिटणीस म्हणतो, नुसता रिवाज आहे, श्वास घ्यायच्या आत ऑर्गन सुरू होतो. मीच बोलायला हवं, कळतं मला. पण मी किती भित्रा आहे ते आता तुला कळलंच.

पहिल्या रांगेतली कडेची जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. उठायला सोपी. वहिनीला हे वाचून दाखवू नकोस. नाही, दाखव.

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना सांगून ठेवलंय, घाई करू नका. "किती थांबू?" त्यांनी विचारलं. म्हटलं, म्हातारा माणूस उठून उभा राहीपर्यंत.

पाचवी चिठ्ठी टाकणारा,
तुझा धाकटा