जाकिटं घरी कोरडी आहेत

१ डिसेंबर १९९६, रविवार
नवी वही आणली नाही. शेडमधलं मशीन-बंद रजिस्टर अर्धं कोरं होतं, तेच घरी आणलं. कॉलम छापलेले आहेत: बिघाड, कारण, उपाय. मला लागणार नाहीत, पण कागद चांगला आहे.
बातमी मोठी. भूपेंद्रशेठ भेस्तानची शेड बंद करतायत. संक्रांत झाली की कापडाचे छत्तीसही लूम भंगारात. सगळ्यांना राम राम. एकच माणूस ठेवणार. शेठनी अलंगच्या जहाजतोडणीच्या भंगारातून हौसेची बोट आणलीय, तिच्या इंजिनावर. इंजिन कोणाला येतं, असं विचारलं. मी शेडचा लूम-मास्तर, माझा हात वर. शेडमधल्या चिंध्याचाही हात निघाला होता, पण मी त्याच्या पुढे उभा होतो आणि मी रुंद आहे.
अट एक. चौदा जानेवारीला उतराण, म्हणजे आपली संक्रांत. त्या दिवशी शेठना त्यांच्या आईला, बाला, तापीत फिरवायचंय. ती फेरी नीट झाली तर काम पक्कं. नाही झाली तर शिंदखेड्याला परत. तिथे भावाचं घर आहे आणि घरात भावजय आहे. बावीस वर्षांनी तिच्या हातचं पाणी मागायचं? छे.
शेठ म्हणाले, मास्तर, तरता, म्हणजे पोहता, येतं ना? म्हटलं, शेठ, तापी आमच्याच खान्देशातून येते. ते खूश झाले. मी खोटं काही बोललो नाही.

३ डिसेंबर
नानपुऱ्याला नावडी ओवाऱ्यावर, म्हणजे नदीच्या घाटावर, बोट पाहिली. पांढरी, फायबरची, सहा-सात माणसांची. इंजिन मागे बाहेर लटकतं, खाली पंखा. म्हणजे मोटर आणि पंखा. बास! बावीस वर्षं दुसरं काय केलं मी?
सोबत आलेलं सामान: पाच नारिंगी जाकिटं, दोन वल्ही, लंगर आणि त्याचा दोर, इंग्लिश पुस्तक. पुस्तक खराब होऊ नये म्हणून पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

५ डिसेंबर
इंजिन चालू केलं. पाच मिनिटांत फॉल्ट सापडला. मागच्या एका भोकातून पाण्याची धार उडते. अलंगवाल्याने शेठना लीकेजचा माल गळ्यात मारला. भोकात एम-सील भरलं. धार बंद. शेठना कळवलं, शेठ म्हणाले शाबास.

६ डिसेंबर
ओवाऱ्यावर छगन नावाचा माछी, म्हणजे कोळी, आहे. लाकडी होडी, चाळीस वर्षं नदीवर, त्याचा फार गर्व. म्हणे, मास्तर, ती धार म्हणजे इंजिन पाणी पितंय याची निशाणी. धार दिसली नाही की समजायचं इंजिन जळतंय. तुम्ही तिचं तोंड शिवलंत. मी म्हटलं, मला माहीत आहे, टेस्ट चालू आहे. तो गेल्यावर एम-सील निघालं. आपोआप निघालं असं म्हणता येईल, खिळा मी फक्त धरला होता.

१० डिसेंबर
नदीचं पाणी कोणीतरी सोडून दिलं.
सकाळी बोट पक्की बांधली होती. दोन्हीकडून आखूड, घट्ट, माझी खास गाठ. दुपारी येतो तर पाणी गायब, बोट दोरांना तिरपी टांगलेली आणि इंजिनाचा पाय चिखलात. विचारलं, पाणी कोणी सोडलं? छगन म्हणे, ओहोटी. म्हटलं, ओहोटी समुद्राला असते. मी आमच्याकडे प्रकाशा गावाला तापी पाहिलीय, जन्मभर एकाच बाजूला जाते. छगन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. माणसाला शिस्त नाही.
मग त्याने भरती-ओहोटीच्या वेळा बिडीच्या कागदावर लिहून दिल्या. म्हणे, बोट सैल बांधा, आणि खाऱ्या पाण्यातून आलात की इंजिन गोड्या पाण्याने धुवा. कागद खिशात ठेवला. गोड्या पाण्याचं उद्यापासून.

११ डिसेंबर
आमच्या खोलीवर, नवागामात, नळाला पाणी नाही. गोड पाणी उद्या.

१२ डिसेंबर
बायकोने, उषाने, शर्ट धुतला. कागद खिशात होता. हरकत नाही, वेळा साधारण पाठ आहेत. रोज येते आणि रोज जाते.

१५ डिसेंबर, रविवार
बोटीची शिस्त लावली. पाचही जाकिटं ओवाऱ्यावर दमट होतात, आतला फोम सडेल. घरी आणली, कपाटावर रचली. आता कोरडी राहतील. वल्ही पण आणली. इंजिनच्या बोटीत वल्ही ठेवणं म्हणजे कॅप्टनचा इंजिनावर भरवसा नाही असं दिसतं. उषाने ती वाळवणाच्या दोरीखाली टेकू म्हणून लावली. लंगर जड, फुकट पेट्रोल खातो. पाण्याच्या ड्रमचं झाकण वाऱ्याने उडायचं, त्यावर छान बसला.
बोट आता हलकी झाली. कॉर्पोरेशनच्या इंजिनियरलाही सुचलं नसतं.
उषा दारात साड्यांचे धागे कापत बसली होती. दिवसभर तेच करते, कटर सुतळीने कमरेला बांधलेलं. मान वर न करता पोहण्याचं विचारते, तुमले पवता येस का? म्हटलं, वेळ आली की येतं. ती म्हणे, वेळ कोनले सांगीसन येस?
बायकांना टेक्निकल विषय समजत नाहीत.

२२ डिसेंबर
पहिला सराव. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कंट्रोल उत्तम. बोट बांधलेली होती.

२८ डिसेंबर
बोट सोडून सराव. नदीच्या मध्यावर इंजिन बंद. चाळीस वेळा दोरी ओढली. छगनने होडी आणून मला ओढत काठाला नेलं आणि पेट्रोलच्या टाकीवरचा हवेचा स्क्रू दोन बोटांनी उघडला. इंजिन लगेच सुरू. त्या स्क्रूवर माझा संशय होताच. या निमित्ताने छगनला बोट ओढायचा सराव मिळाला.
मध्यावर पाणी फार रुंद दिसतं. काठावरून तेवढं वाटत नाही.

५ जानेवारी १९९७, रविवार
शेठ ओवाऱ्यावर आले. बरोबर छे ने, मास्तर? म्हटलं, एकदम ओके. छगन मध्ये तोंड घालतो: शेठ, जाकिटं बोटीत ठेवायला सांगा, लंगर पण. आणि उतराणीला इंजिन चालवू नका. नदीभर मांजा पडतो, पंख्यात गेला की संपलं. मी शेठना बाजूला नेऊन सांगितलं, जळतोय. मशीनचा धंदा आला की वल्ह्यावाल्याचं असंच होतं. शेठ हसले.
काल चिंध्या भेटला. गावी जायची पेटी भरतोय. म्हणे, तुझं बरं आहे बुवा. म्हटलं, ज्याचं त्याचं डोकं.
 

१० जानेवारी
निश्चय केला: पोहण्याची उजळणी. कॉर्पोरेशनच्या तलावावर गेलो. लोक कसे हात मारतात ते अर्धा तास नीट पाहिलं. पाणी थंड होतं. पाहून बरंच कळतं.

१३ जानेवारी
उद्या साडेदहा. बाचे गुडघे दुखतात म्हणून शेठाणीने उषाला हात धरायला बोलावलंय. उषा म्हणे, जाकिटं घ्या. म्हटलं, शेठच्या आईला जाकीट घातलं तर तिला वाटेल बोट बुडणार. शेवटी तिचा मान राखून एक घेतलं. मागची कॅप्टनची सीट टणक आहे, खाली घालता येईल.
चड्डी-बनियन धुतलेलं. टोपी तयार.

१४ जानेवारी, सकाळी सात
तीळगूळ. आज गोड बोलायचं, छगनशीसुद्धा.

१४ जानेवारी, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.
बोटीत मी, शेठ, शेठाणी, बा, उषा. ओवाऱ्यावर छगन हात जोडून म्हणाला, ओहोटी लागलीय, आता नको, निदान वल्ही तरी न्या. मी गोड बोललो. म्हटलं, उद्या.
गच्च्यांवर माणसंच माणसं, आभाळात पतंगच पतंग. बा खूश. मुरमुऱ्याचा लाडू दिला मला. शेठनी बोटीतूनच पतंग उडवायला काढला. मी पाहिलं. छगनचं बोलणं आठवलंही. पण शेठना नको कसं म्हणायचं?
पतंग कापला गेला. मांजा सैल पाण्यावर पडला. गुलाबी. मग शेठच्या हातातली फिरकी आपोआप फिरायला लागली, जोरात, आणि निसटून पाण्यात गेली. इंजिन घुर्र करून बंद.
दोरी ओढली. चालू. गिअर टाकला, बंद. परत चालू, परत बंद. म्हटलं, कचरा, कार्ब्युरेटरमध्ये. शेठाणी म्हणाली, आपण चाललोय कुठे? बोट आपोआप चालली होती. समुद्राकडे. पुढे सरदार पुलाचे खांब, आणि खांबापाशी पाणी उसळत होतं. आमची तापी असं करेल असं वाटलं नव्हतं.
शेठ ओरडले, लंगर नाख, टाक! लंगर ड्रमवर. वल्ही? वल्ह्यांवर उषाची लुगडी वाळतायत. जाकिटं? म्हटलं, शेठ, घरी कोरडी आहेत.
पुढचं नीट आठवत नाही. बोट खांबाकडे आडवी फिरली, बा रामनाम घ्यायला लागली, आणि सीटवरचं जाकीट माझ्या अंगात होतं. बकल लावलेलं. उषा म्हणाली, ते म्हतारीले द्या. परत म्हणाली, द्या ना हो, काढा ना! मी बकल ओढलं. बकल अडकलं होतं. फार प्रयत्न केला. बा माझ्याच समोर बसली होती, माझ्या हातांकडे पाहत.
मग उषा मागे आली. खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, दोरा गुंडायेल शे, तेवढंच. इंजिन वर करा. म्हटलं, धाग्याने लोखंड थांबत नाही. शेठनी मला बाजूला ढकलून इंजिन वर तिरपं केलं. पंख्यावर गुलाबी गोळा, नारळाएवढा. बावीस वर्षं शाफ्टवरचा धागा मी काढलाय, दिवसातून दहा वेळा. मला सुचलं नाही.
उषाने कमरेचं कटर काढलं. शेठाणीने तिचा पदर धरून ठेवला. कापत गेली, ओढत गेली, बोटांतून रक्त. खांब एवढा जवळ आला की त्यावरचं शेवाळ दिसत होतं. मग म्हणाली, झायं. शेठनी दोरी ओढली, गिअर टाकला. बोटीने नाक वळवलं. खांब हाताच्या अंतरावरून गेला.
ओवाऱ्यावर छगनने बाला दोन्ही हातांनी उतरवलं. मी सगळ्यात शेवटी उतरलो. जाकीट अंगातच होतं.

१५ जानेवारी
ट्रिप एकूण पाहता यशस्वी. सर्व प्रवासी परत.
शेठचा निरोप नाही.

१७ जानेवारी
निरोप आला. बोट छगनकडे. तो म्हणे तीन दिवस नुसता तिचा चिखल धुतोय. माझा हिशेब शेडवर. बाने मात्र उषाला रोज घरी बोलावलंय, सोबतीला, कायमचं. म्हणजे नवागामची खोली सुटत नाही. शेठनी बुद्धीने विचार केलेला दिसतो.

१९ जानेवारी, रविवार
चाळीत सगळ्यांना ट्रिप सांगितली. बकल कसं अडकलं तेही. चिंध्या गाडीत बसण्याआधी येऊन दोनदा ऐकून गेला. लोक म्हणाले, भंगारचा माल, काय करणार. मीही तेच म्हणतो.

२४ जानेवारी
उषाचे धागे-कटिंगचे गठ्ठे पडून होते. आता ती नसते, मीच करतो. दुसरं कटर आहे. उषा म्हणते, मुळापासून काढा, वरवर नको. आज चार साड्या. मान दुखते.

२६ जानेवारी, रविवार
उषा संध्याकाळी आली. चप्पल काढता काढता म्हणाली, बाने विचारलंय, भाईचं बकल निघालं का? बस, एवढंच. मग उषा भाजी निवडायला बसली. तिच्या बोटांवर अजून पट्टी आहे.
म्हणजे बाने पाहिलं. आणि शेठना सांगितलं नाही. उलट उषाला काम दिलं.
कपाटावरून त्या दिवशीचं जाकीट काढलं. बकल दाबून पाहिलं. एका बोटाने उघडतं. पाच वेळा लावलं, पाच वेळा उघडलं.
रजिस्टरचे कॉलम पहिल्यांदा भरतो.
बिघाड: बकल अडकले.
कारण: अडकले नव्हते. मी हात लावला आणि सोडलं नाही. मला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं, आणि मला मरायची भीती वाटली. बालाही वाटत असणार. ती म्हातारी आहे म्हणून तिला कमी वाटली असेल, असं त्या वेळी मनात आलं होतं.
उपाय: